‘जुना तारपा’ नावाची पळवाट

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. कुठलंही गाणं लावा, तो म्हणणार, ‘यांचं आधीचं काम भारी होतं.’ अजय-अतुलचा विषय निघाला की त्याचं घड्याळ ‘जोगवा’पाशी थांबतं. ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये सिंफनी रेकॉर्ड झाली, २०१६ साली अख्खा महाराष्ट्र त्यावर नाचला, पण याचं म्हणणं ठरलेलं: मातीचा वास गेला.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर याचीच रॉकवाली आवृत्ती भेटते. पिंक फ्लॉइड म्हटलं की एक जण सांगतो, खरा बँड सिड बॅरेटचा. १९६७चा पहिला अल्बम, १९६८ला सिड बाहेर, विषय संपला. दुसरा म्हणतो, छे, १९७३चा ‘डार्क साइड ऑफ द मून’. तिसरा १९७९च्या ‘द वॉल’पर्यंत सूट देतो. मेटालिकावाले तर १९९१ची बॉर्डर आखून बसलेत. ‘ब्लॅक अल्बम’च्या आधीचं ते मेटल, नंतरचा तो धंदा.

आता गंमत बघा. ‘आधीचं’ भारी होतं यावर सगळे ठाम, पण ‘आधीचं’ म्हणजे नेमकं कधीचं यावर दोघांचं जमत नाही. कारण ती रेषा बँडच्या इतिहासात नसतेच, ती ऐकणाऱ्याच्या वयात असते. होलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली यावर एक अभ्यास छापला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली हिट गाणी ऐकवली. सर्वांत जास्त पसंती मिळाली ती ऐकणारा साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असताना आलेल्या गाण्यांना. म्हणजे आपण ज्याला ‘संगीताचा सुवर्णकाळ’ म्हणतो, तो बऱ्याचदा आपलं पोट सपाट असण्याचा काळ असतो.

यात कुणाचं काही बिघडत नाही, हे कबूल. १९६६ साली बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन मँचेस्टरच्या स्टेजवर उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांतून एक जण ‘जुडास’ म्हणून ओरडला. जुडास म्हणजे गद्दार. डिलन वाजवत राहिला आणि पन्नास वर्षांनी त्याला नोबेल मिळालं. त्याला ती शिवी परवडली.

माझं भांडण तिथे सुरू होतं, जिथे हेच वाक्य एसटीत बसून जव्हारचा घाट चढतं.

‘खरा तारपा राहिला नाही’

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळा, मग इंजिनिअरिंग, आता पुण्यात कोड लिहितो. गावचं नाव सांगितलं की समोरच्याची दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ‘वॉव, वारली पेंटिंग!’ आणि दुसरं, ‘पण आता ओरिजिनल तारपा राहिला नाही ना? डीजेने वाट लावली सगळी.’

हे दुसरं वाक्य म्हणणारे दोन प्रकारचे. एक, पावसाळ्यात दाभोसा धबधबा बघायला येणारे शहरी लोक. त्यांना राजवाडा, धबधबा आणि तारपा एकाच दिवसात उरकायचा असतो. दुसरे आमचेच. शिकून नोकरीला लागलेले, पालघर, नाशिक, पुण्याला स्थायिक झालेले. वर्षातून दोनदा गावी येतात, कीबोर्डवर नाचणारी पोरं बघतात आणि स्टेटस टाकतात: ‘आपली संस्कृती हरवत चालली आहे.’ खाली रडक्या इमोजी.

पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी असं म्हटलं तर मी ऐकून घेतो. ते रात्र-रात्र फेरात पाय झिजवून बोलतात. बाकीच्यांना मला विचारायचंय: तुम्ही शेवटचे फेरात कधी नाचलात? पूर्ण रात्र?

वाद्य काय आहे ते आधी समजून घ्या

ज्यांनी तारपा फक्त कुर्तीवर आणि कॉफी मगवर पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडक्यात. वाळवलेला भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि हे सगळं धरून ठेवायला मेण. एका फुंकीत दोन नळ्या बोलतात. वाजवणारा तो तारपकरी. त्याची खरी परीक्षा श्वासाची. सूर तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडताच नाकाने नवीन श्वास ओढायचा, तासन्‌तास. करून बघा एक मिनिट. भोवळ येते.

तारपकरी मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती साखळी धरून फिरतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही. तो पायांकडे बघत चाल बदलतो, चाल बदलली की पावलं बदलतात. पुढच्याच्या हातात घुंगरकाठी असते, ती ठेका धरते. कार्यक्रम किती वाजता संपणार, हा प्रश्नच तिथे नसतो.

आणि तारपा हंगामाचा. भात तयार होऊ लागलं की तो बाहेर निघतो, दिवाळीच्या सुमाराला रंगात असतो. तारपा म्हणजे वाद्य आणि तारपा म्हणजे वर्षातले ते काही आठवडेसुद्धा. हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

खून कुणी केला?

आरोप असा आहे की कीबोर्डने तारप्याला मारलं. पुरावा काय, तर आता लग्नात टेम्पोवर स्पीकर असतात, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो, आणि तारप्याच्या चाली मशिनवर वाजतात.

डीबगिंगचा पहिला नियम असा की स्क्रीनवर एरर जिथे दिसतो, तिथेच बग असेल असं धरून चालायचं नाही. कीबोर्ड हा दिसणारा एरर आहे. बग कॅलेंडरमध्ये आहे.

आमच्याकडे शेती पावसाची. डोंगरउतारावर भात, नागली, वरी. एक पीक निघालं की बहुतेकांच्या शेतात करण्यासारखं काही उरत नाही. मोखाड्यात पाऊस धो-धो पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, २०१४पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. पाण्याच्या मागोमाग माणसंही जातात. वसई, भिवंडी, कल्याण, नाशिक. वीटभट्टी, बांधकाम, मिळेल ते. अख्खी कुटुंबं जातात, कुडाच्या घराला काटी लावून. ज्यांना बोईसर, वाड्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, ती पोरं तर बारा महिने तिकडेच.

आता हिशोब करा. तारपा शिकायचा तर कोवळ्या वयात, सुगीच्या दिवसांत, रोज संध्याकाळी जाणत्या तारपकऱ्याच्या मागे मागे राहावं लागतं. त्या दिवसांत पोरगा आश्रमशाळेच्या खोलीत असतो. मोठा झाला की कंपनीच्या शिफ्टला. त्याला पाड्यावर चार दिवस सलग मिळतात ते एप्रिल-मे महिन्यात, लग्नसराईत. तारप्याचा हंगाम आणि पोरांच्या सुट्टीचा हंगाम, हे दोन्ही एकमेकांपासून तुटले. लग्नात जे वाजतं तेच मग त्या पिढीचं संगीत झालं. कीबोर्डने तारप्याला हाकललं नाही. जागा आधीच रिकामी झाली होती, तो येऊन बसला.

‘डीजेने संस्कृती मारली’ हे वाक्य म्हणूनच इतकं सोयीचं आहे. त्यात धरण येत नाही, रोजगार हमीचं काम वेळेवर न मिळणं येत नाही, सिंचन येत नाही, स्थलांतर येत नाही. सगळा दोष वीस-बावीस वर्षांच्या एका पोरावर, ज्याने हप्त्यावर कीबोर्ड घेतलाय. संस्कृतीची काळजी केल्यासारखंही होतं आणि कुणाला अवघड प्रश्नही विचारावा लागत नाही.

माझा चुलतभाऊ असाच एक कीबोर्डवाला. आधी दिवाळीनंतर भट्टीवर जायचा. आता लग्नसराईत चार पैसे मिळतात, उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम करतो आणि पोरांना घेऊन घरी राहतो. त्याला कुणी ‘तू खरा तारपा मारलास’ म्हटलं की मला हसू येत नाही. या माणसाला पाड्यावर ठेवलं ते त्या वाद्याने.

सोन्याचे दिवस कुणाचे?

‘पूर्वी प्रत्येक पाड्यावर तारपा वाजायचा’ या वाक्यातल्या ‘पूर्वी’वर जरा थांबू. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त बालकं कुपोषणाने गेली. देशभर गाजलं ते प्रकरण. तुमच्या आठवणीतला सोन्यासारखा तारपा ज्या वर्षांत वाजत होता, त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे.

त्या काळात आनंद नव्हता असं मी म्हणत नाही. फेरातला आनंद खराच होता, कदाचित म्हणूनच इतका जीव तोडून नाचत असतील. पण ज्याला तो काळ परत हवा आहे, त्याने अख्खा काळ मागून दाखवावा. फक्त साउंडट्रॅक मागायचा आणि बाकीची फिल्म दुसऱ्यांनी जगायची, हे चालणार नाही.

आणि शुद्धतेचा हा आग्रह बघा किती निवडक असतो. तारपा सुगीचा, पण ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या रॅलीत, भर पावसाळ्यात तो पुढे वाजतो. २६ जानेवारीला झेंड्यासमोर वाजतो. मंत्र्याच्या स्वागताला वाजतो, रिसॉर्टच्या लॉनवर वाजतो. तिथे हंगाम मोडला म्हणून कुणी गळा काढत नाही. रात्रभराचा नाच दहा मिनिटांत कापला, फेराची सरळ रांग केली, नाचणाऱ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करायला लावलं, म्हणजे नेमकी तारप्याकडे पाठ करायला लावली, तरी ते ‘पारंपरिक’च राहतं. आणि पाड्यावरच्या पोरांनी स्वतःच्या आनंदासाठी, गोल फेर धरून, स्पीकरवर नाच केला की मात्र संस्कृती बुडते.

म्हणजे नियम असा दिसतो: बदल तुमच्यासाठी केला तर परंपरा, आम्ही आमच्यासाठी केला तर ऱ्हास.

मी आधी होतो त्या एका कंपनीत एथ्निक डे होता. मी तिकडचा, म्हणून मला मेसेज आला: ‘ऑथेंटिक तारपा ग्रुप अरेंज करशील का? दहा मिनिटं. स्पीकर वगैरे नको, प्युअर हवं.’ बजेट विचारलं तर उत्तर आलं, येण्या-जाण्याचा खर्च आणि लंच. त्याच दिवशी संध्याकाळी जो कव्हर बँड जुनं क्लासिक रॉक वाजवणार होता, त्याला रीतसर मानधन होतं, साउंड चेकसाठी दोन तास होते आणि ग्रीन रूम होती. ज्या कॅफेटेरियात हे सगळं ठरलं, त्याच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात तारप्याचा फेर काढलेला. ते चित्र तिथल्या प्रत्येकाला ओळखता येत होतं. त्या वाद्याचा आवाज किती जणांनी ऐकला होता, हे मी विचारलं नाही.

चित्राला परवानगी, आवाजाला नाही

त्या चित्राचीच गोष्ट घ्या. वारल्यांचं चित्र म्हणजे मुळात लग्नाचा चौक. भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणींनी काढायचा. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, चित्र कागदावर उतरलं आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी ते जगभर नेलं. भिंत गेली, लग्न गेलं, बाईचा हात जाऊन पुरुषाचा आला, विषय वाढले. शुद्धतावाद्याच्या तराजूत हा केवढा मोठा भ्रष्टाचार! पण २०११ला म्हसेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि योग्यच केलं. कारण त्या हातात जीव होता, आणि कागदामुळे किती तरी घरांत चूल पेटली.

मग भिंतीवरून कागदावर चालतं, तर भोपळ्यावरून कीबोर्डवर का चालत नाही? माझा अंदाज सांगतो. वारली चित्र शहरातल्या दिवाणखान्यात छान दिसतं. कीबोर्डवरचा तारपा तिथे शोभत नाही. तो घामट आहे, कर्कश आहे, टेम्पोच्या मागे लाल-निळ्या लाइटमध्ये वाजतो. तो तुमच्यासाठी बनलेलाच नाही. आणि हेच खटकतं.

आवाजाच्या पातळीची तक्रार करायची असेल तर जरूर करा, मी पहिली सही करतो. छाती हादरवणारा बेस म्हाताऱ्यांना, लहान बाळांना, गुरांना त्रासच देतो. पण ती डेसिबलची तक्रार आहे, तिला संस्कृतीचं नाव देऊ नका.

जे खरंच गेलं ते

काहीच गेलं नाही, असं म्हणणारा खोटं बोलतोय. काय गेलं ते नीट नाव घेऊन सांगायला हवं.

पहिलं, सूर. प्रत्येक तारपा वेगळा. भोपळा वेगळा, बांबू वेगळा, म्हणून पट्टीही त्याची त्याची. कीबोर्डच्या बारा ठरलेल्या सुरांत त्या मधल्या जागा बसत नाहीत. चांगली पोरं पिच बेंडच्या चाकावर बोट ठेवून त्या जागा शोधतात, आणि हे ती कानाने करतात, कुठल्या कोर्समध्ये शिकून नाही. तरी ते सगळं सापडत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते मोठं: नजर. तारपकरी फेराच्या मध्ये असतो. कोण दमलंय, कोण रंगात आलंय हे त्याला दिसतं आणि तो त्याप्रमाणे वाजवतो. कीबोर्डवाला टेम्पोजवळ, स्पीकरच्या भिंतीमागे. तो फेराला बघत नाही आणि फेर त्याला बघत नाही. हा तोटा खरा आहे. पण बघा, तो भरून काढता येतो. कीबोर्ड उचलून फेराच्या मध्ये आणा. स्पीकर कमी करा. तारपकरी आणि कीबोर्डवाला एकाच रात्री बसवा. तक्रार नेमकी असली की तिच्यावर काम करता येतं. ‘ओरिजिनल राहिलं नाही’ यावर फक्त उसासा टाकता येतो.

२०२६च्या जानेवारीत वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना पद्मश्री जाहीर झाली. जव्हार तालुक्यातल्या, नव्वदीच्या घरातल्या एका वारली तारपकऱ्याचं नाव त्या यादीत आलं. माझ्या फोनवर दिवसभर तेच. अभिमान वाटला, अजूनही वाटतो. पण मेसेज वाचत गेलो तसं लक्षात आलं, जवळजवळ प्रत्येकात एक ‘शेवटचे’ लपलेलं होतं. शेवटचे शिलेदार, लोप पावणारी कला, हरवलेला सूर. हयात आणि वाजवत्या माणसाचा सत्कार करताना त्याच्या कलेचा शोकसंदेश कशाला लिहायचा? शोकसंदेश लिहिला की जबाबदारी संपते. मेलेल्यासाठी काही करावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मग करायचं काय?

पैसे द्या. इथून सुरुवात. तारपकऱ्याला बोलवायचं तर रात्रीचं मानधन द्या, नाचणाऱ्यांनाही द्या, आणि दहा मिनिटांसाठी बोलवू नका.

रेकॉर्ड करा, पण पूर्ण. तीस सेकंदांच्या रीलमध्ये चाल सुरूसुद्धा होत नाही. अख्खी चाल, वाजवणाऱ्याचं नाव, पाड्याचं नाव, कोणत्या प्रसंगाची ते. आणि त्यातून कुणी सॅम्पल उचलून गाणं काढलं, तर त्या नावापर्यंत पैसे पोचायला हवेत. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मी याच धंद्यात आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आश्रमशाळेत सुगीच्या महिन्यात तारपकऱ्याला शिक्षक म्हणून बसवा, पगारावर. पोरं त्या दिवसांत तिथेच असतात. जे शिक्षण त्यांना हंगामापासून तोडतं, त्यानेच हंगाम शाळेत आणावा.

आणि सर्वांत आधी, माणसं पाड्यावर राहतील असं बघा. मोखाड्याला पाणी मागा, हाताला वेळेवर काम मागा. यात संगीताचा काय संबंध, असं वाटत असेल तर वरचा कॅलेंडरचा हिशोब परत वाचा. तारपा वाचवायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दिवाळीनंतर एका पोराला भट्टीवर जावं न लागणं.

यातलं काहीच जमणार नसेल तरी हरकत नाही. सगळ्यांनी सगळं करावं असं नाही. फक्त मग तुमचं ‘आधीचं भारी होतं’ हे पिंक फ्लॉइडसाठी, मेटालिकासाठी राखून ठेवा. त्यांच्याकडे स्टेडियम आहेत, रॉयल्टी आहे, त्यांना काही फरक पडत नाही. आमच्या पाड्यावर मे महिन्यात जी पोरं कीबोर्डवर गोल फेर धरतात, त्यांना नाचू द्या. त्यांची पावलं अजून तीच आहेत, हात अजून एकमेकांच्या कमरेला आहेत. आणि खरोखर तारप्याची ओढ असेल, तर सुगीला या. कॅमेरा पिशवीत ठेवा, साखळीत हात द्या आणि सकाळपर्यंत नाचा. कुठला तारपा खरा, हा प्रश्न सकाळी विचारा, तुमच्यात तेवढा दम उरला तर.